कोपऱ्यातली माती

आमचं मूळ जामसरकडचं, गावापासून वर टेकाडावरचा पाडा, खाली भाताची खाचरं आन् वर उताराला नागली, तुम्ही नाचणी म्हणता ती. बाप लवकर गेला, आईनंच दादाला आन् मला वाढवलं. मी आश्रमशाळेत शिकले, मंग जव्हारला, मंग पुण्याला, आन् जिवाणूंच्या जनुकांवर काम करणारी बाई झाले. आई पाड्यावर सांगायची, माझी पोर डोळ्याला न दिसणारी जनावरं पाळते. लोक हसायचे, तीपण हसायची.

तर काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं नागलीचं रोप करायचं म्हणजे आधी राब भाजायचा. शेण, फांद्या, पालापाचोळा, वर गवत, वर माती, आन् पेटवायचं, मंग त्या भाजल्या जागेवर बी टाकायचं. पण आमच्या उताराला एक कोपरा व्हता, खाटेएवढा, तिथं राब न भाजता पण रोप हिरवंगार यायचं. आईनंच मला दाखवला तो. तिथली मुळाची माती मी पुण्याला नेली, आन् त्यात एक जिवाणू सापडला, हवेतला नत्र धरून रोपाला देणारा. तसे देणारे पुष्कळ असतात, पण हा फार जोरात द्यायचा. कुठल्या जनुकामुळं देतो ते शोधायचं, यातच माझी पीएचडी, माझी नोकरी, सगळं आलं.

पण प्रयोगशाळेत थाळीतून थाळीत वाढवता वाढवता त्या जिवाणूनं तो गुणच टाकून दिला. असं व्हतं, आयतं खायला मिळालं की जिवाणूपण ओझं टाकतात. मूळचा साठा फ्रीझरमध्ये व्हता, तो फ्रीझर बिघडून वाया गेला. मी घाबरले नाय. म्हटलं आईचा कोपरा हाय. दिवाळीला तिला सांगून आलेच व्हते, आये, त्या कोपऱ्याकडं बघ हां, माझं सगळं त्याच्यात हाय.

उन्हाळ्यात गेले तर कोपरा काळा. आईनं तिथं राब भाजला व्हता. रानातनं ऐनाच्या फांद्या डोक्यावर आणून आणून, दुसरीकडं कुठं भाजला नाय इतका जाड. म्हणाली, बघ पोरी, तुझ्यासाठी कसा भाजलाय. आता चूक कुणाची? माझीच की. आमच्यात जमिनीवर माया करायची म्हणजे तिला भाजायचंच, हे मी त्याच उतारावर शिकलेली, आन् तरी मी तिला हात लावू नको असं सांगितलं नव्हतं.

पण तेव्हा मी काय बोलले? म्हटलं, अडाणी ती अडाणीच, माझी सगळी वर्षं जाळलीस तू. आई हाताची राख लुगड्याला पुसत उभी राहिली. तिनं भाकरी केली व्हती, मी न जेवता एसटी धरली.

राखेत शोधलं, शेजारच्या मातीत शोधलं, तो जिवाणू मिळाला नाय. मी दुसरा घेतला, त्याच्यावर नाव मिळालं, खुर्ची मिळाली. आई जव्हारला येऊन बूथवरनं फोन करायची, एवढंच विचारायची, तुझी जनावरं बरी हायेत ना? मी हो म्हणायची. चुकले असं एकदा म्हणायचं व्हतं, ते राहूनच गेलं. असं करता करता नऊ वर्षं गेली, आन् आषाढात आई गेली.

आईचे दिवस झाल्यावर दादा मला उतारावर घेऊन गेला. त्या कोपऱ्याला करवंदीच्या काट्यांचं कुंपण, आत नुसतं गवत. दादा म्हणाला, तू रागावून गेलीस तेव्हापास्नं आईनं इथं कुणाला पाय ठेवू दिला नाय, राब नाय, पेरणी नाय. म्हणायची, पोरीची जनावरं येतील माघारी, आली की तिला कळवू. मी म्हटलं, मंग मला कधी बोलली का नाय? दादा म्हणाला, आली का नाय ते तिला कसं कळणार, डोळ्याला दिसत नायत ना ती.

तिथंच बसून मी रडले, आई गेल्यावर पण तशी रडले नव्हते.

त्या कोपऱ्यातली माती मी आणली. फ्रीझरमध्ये ती बाटली हाय, वर आईचं नाव लिहिलंय. माझे विद्यार्थी म्हणतात, मॅडम, तपासू या. मी शास्त्रज्ञ बाई, पण माझा हात उचलत नाय. नसला तो जिवाणू, तर आईनं नऊ वर्षं फुकट वाट बघितली. आन् असला, तर सांगू कुणाला?

तुमची आई हाय ना? बरं हाय. जा, भेटून या तिला, आन् जेवूनच निघा.