अप्पांना नकार ऐकायचा असे

अध्यक्षमहाराज, वहिनी, मांडवीहून आणि वरच्या गावांतून चालत आलेल्या बंधुभगिनींनो,

आज पौष शुद्ध पंचमी. पुष्कळ काळानं मी सभेत उभा आहे. इतके दिवस गप्प राहिलो, त्याची आधी क्षमा मागतो. अप्पा बोलत होते तोवर मला बोलायची गरज वाटली नाही. आता ते नाहीत, आणि मला शब्द सापडत नाहीत.

अप्पा खोत होते. आणि कुळांनी खोताकडं फुकट राबायची वेठ बंद व्हावी म्हणून कायदे कौन्सिलात भांडणारेही तेच. भाऊबंदांनी लग्नकार्याला बोलावणं सोडलं. अप्पा मला म्हणायचे, "बरं झालं हो वकील, अजीर्ण टळलं."

त्यांची पहिली निवडणूक तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. आपल्याकडे गावकर देवापुढं गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. अप्पांनी भाषणं तशीच केली. देवळापुढं उभं राहायचं आणि खड्या आवाजात म्हणायचं, "ही वेठ जाऊ दे रे म्हाराजा!" गाव गरजायचा, "व्हय म्हाराजा!" आम्हांला वाटलं, जिंकलो. आम्ही पडलो. साफ पडलो.

अप्पा मला घेऊन परत त्याच गावात गेले. म्हातारा गावकर अंगणात सुपारी कातरत बसला होता.

"काय हो गावकर, गळा फाडून होय म्हणालात. मग मतं कुठं गेली?"

"अवो अप्पा, आमी व्हय म्हटला ता देवाला. तुमाला कंदी म्हटला?"

अप्पा इतके हसले, की गावकराची सून दारातून डोकावली.

त्यानंतर गाऱ्हाणं बंद. अप्पा लोकांच्या ओटीवर जाऊन बसत आणि विचारत, "माझं काय पटत नाही, ते सांगा." लोकांनी सांगितलं. शिव्याही घातल्या. आणि निवडून दिलं. पुढं दर खेपेला दिलं.

कौन्सिल संपलं, की बोटीतून उतरून ते घरी जाण्याआधी माझ्याकडं यायचे. वहिनी, त्यावरून तुम्ही मला बोल लावलात, तो रास्त होता. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांचा प्रश्न: "बोला वकील, कुठं चुकलो?" मी सांगायचो. ते चिडायचे. मीही चिडायचो. मग आम्ही जेवायचो. परवा बोटीचा भोंगा ऐकला, आणि मी घरात आणखी एक पान मांडायला सांगितलं. पान मांडलं गेलं.

वेठीचं बिल अजून अडलेलं आहे. काल तुमच्यातले काही जण म्हणाले, अप्पांच्या जागी तुम्ही उभे राहा. मी स्वतःला विचारलं, तुला हे काम हवं आहे, की अप्पा हवे आहेत? खरं सांगतो, मला अप्पा हवे आहेत. ते मिळणार नाहीत. काम तेवढं शिल्लक आहे. म्हणून मी उभा राहतो. पण तिथं भांडून परत आलो, की माझ्या चुका मला कोण सांगणार? तुम्ही सांगाल? आत्ता माना डोलवू नका. घरी जाऊन विचार करा.

उद्या सकाळी एकच काम आहे: कचेरीत जाऊन अर्ज भरायचा.

आता सगळे उभे राहू या. कुणी काही बोलू नये. ज्याचं अप्पांशी भांडण राहून गेलं असेल, त्यानं ते आज मनातल्या मनात पुरं करावं.