स्टुडिओत राहिलेला दम

लातूर स्टँडवर औशाची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. माझ्या पुढच्या सीटवरच्या तरुणानं शेजारच्या मावशींना इअरफोन दिले.

"स्टुडिओ सोडून बसमंदी माझं गाणं कशाला ऐकायचं रे, संगमेश्वर?"

"मावशी, स्टुडिओत समदंच भारी वाजतंय. ह्या आवाजात तुझा शब्द कळला, तरच माझं मिक्सिंग पास."

"हाव, समदं कळायलंय. डफबी झकास बसवलास."

"मग! ह्या कामात आपल्या तोडीचा जिल्ह्यात कुणी न्हाई."

"थांब. ह्या दोन ओळींच्या मधी मी दम घेतला होता. कुठं गेला?"

"काढला की. आता कसं साफ वाटतंय!"

"जत्रेत लोक म्हणतील, लक्ष्मम्मा, मोबाईलवर गायलीस तसं एका दमात गा. तवा?"

"एवढं कुणाला कळत न्हाई, मावशी."

"मला कळलं की. चाळीस वर्षं तिथंच दम घेते मी. तेवढ्यात माणसं माना डोलावतात."

"परत टाकतो. उद्या."

कंडक्टर आला. "कुठं?"

"औसा, एकच द्या. ह्याला इथंच उतरू द्या, माझा दम स्टुडिओत राहिलाय."