रमेशच्या गाडीचा नवा पंप

तुम्ही हसाल, पण रमेशची ती जुनी लाल स्पोर्ट्स कार आठवली की मी अजूनही विचारात पडतो. कॉलेजपासून त्याला तशी गाडी एकदा तरी पूर्ण ताकदीनं पळवायची होती. घेतली खरी, पण हळू चालवली तर ठीक, जोरात दाबली की दम सोडायची. शेवटी वैतागून म्हणाला, "यंदा नाही सुधरली, तं विकून टाकतो."

तुमसरच्या मेकॅनिकनं पेट्रोलच्या लाइनला प्रेशरचा काटा जोडला. गाडी उभी असताना काटा जाग्यावर, रेस दिली की खाली; म्हणजे इंजिनला पेट्रोल पुरत नव्हतं. फिल्टर बदललं, वायर तपासली, तरी तेच. टाकीतला पंपच थकला होता. मग त्याहून मोठा बसवला.

सकाळी आम्ही दोघं आंबागडच्या रस्त्याला लागलो. प्रेशरचा काटा मेकॅनिकनं समोरच्या काचेवर चिकटवून दिला होता; तो पाहायचं काम माझं.

"आज पूर्ण दाबतो," रमेश म्हणाला.

वळणापुढे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं. त्याच्या पुढेही धान, आणखी पुढेही. जोरात गेलो असतो तर सगळं उडालं असतं. रमेशनं पाय उचलला.

"काटा कुठी आहे?"

"जाग्यावरच."

"एवढ्या हळू तं जुन्या पंपावरही काटा पडला नसता."

समोरून बैलबंडी आली, तशी त्यानं गाडी थांबवली. पायानं धान फिरवत असलेली एक म्हातारी काचेपाशी वाकली.

"काहून थांबला बापू? बिघडली काय गाडी?"

रमेशनं इंजिन बंद केलं.

"नाही मावशी. आजच सुधरली."