सरांची शंभर माणसं

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख सर, वहिनी, आणि समोर बसलेले माझे सहकारी,

आभार मानायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी विभागातले कॉम्प्युटर सांभाळतो, बोलायची सवय नाही.

मघाशी सरांनी ‘आपलं’ सॉफ्टवेअर स्वतः चालवून दाखवलं. पाहुण्यांसाठी सांगतो. किती रुग्ण बरे झाले, किती तसेच राहिले, किती दगावले, ती संख्या त्यात भरायची. सोबत अटी द्यायच्या. जसं, औषधाची मात्रा वाढली तर बरं होण्याची शक्यता घटता कामा नये. त्या अटी पाळून प्रत्येक गटाची शक्यता किती आणि त्या उत्तरावर भरवसा किती, हे ते सांगतं.

हे सॉफ्टवेअर माझ्या बायकोने लिहिलं. ती याच विभागात होती. गेल्या वर्षी गेली. शोकसभेत सर म्हणाले, “बाईंचं काम अर्धवट राहिलं होतं, मी पुरं केलं.” खोटं कसं म्हणू? सॉफ्टवेअर उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पानावर तिचं नाव होतं, तिथे सरांचं आलं. पान पांढरं होतं, ते निळं झालं. निळा रंग सरांनी स्वतः निवडला. ते श्रेय त्यांच्याकडून कोण काढून घेईल?

सरांची एक सवय होती. ते माणसांच्या जागी टक्के भरायचे. रुग्ण दहा असोत की दहा हजार, सरांकडे सगळ्यांचे शंभरच व्हायचे. मग दहा रुग्णांवरचं उत्तरही शंभर रुग्णांच्या रुबाबात बाहेर पडायचं. ही सांगायला गेली की सर म्हणायचे, “बाई, आकडे शेवटी आकडेच असतात हो!” एकदा घरी आल्यावर ही मला म्हणाली, “अहो, माझं ऐकत नाहीत, मशीनचं तरी ऐकतील.”

त्यानंतर सरांनी ते स्वतः चालवलं ते आजच, तुम्ही पाहिलंत. सरांनी पाहुण्यांसमोर टक्के भरले आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘सर, पुन्हा टक्के? माणसं किती होती?’ सभागृह हसलं. सर म्हणाले, “काहीतरी बिघाड दिसतोय.” आणि खाली उतरताना माझ्या कानात, “उद्या ती ओळ काढून टाका.”

सर, तो बिघाड नाही. ती माझी बायको आहे. नाव पहिल्या पानावर होतं, म्हणून तुम्हाला पुसता आलं. ही ओळ फक्त चूक करणाऱ्यालाच दिसते, आणि ती दिसूनही तुम्ही ओळखली नाहीत. ती मी काढणार नाही. नव्या प्रमुखांना एवढीच विनंती, पहिल्या पानावर तिचं नाव परत यावं. रंग निळाच राहू द्या.

अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, हार आणणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचेही, आज तुम्ही टक्के भरले नसते, तर या सभागृहाला तिचा आवाज ऐकू आला नसता.

माझ्या बोलण्यात काही चुका झाल्या असतील, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि मोजायच्याच झाल्या, तर सर, कृपा करून टक्क्यांत मोजू नका.