व्याह्याच्या मागची सीट

…अन् वरून लोक मलाच विचारतेत, "शंकरप्पा, तुमाला तोंड होतं ना? मग बोलले काहून न्हाई?" आता तुमाला सांगतो, तोंड होतं! लई मोठं होतं! पण समोर पाठ होती ना! पाठीसंगं काय बोलणार माणूस? तांबडं फुटल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत एका माणसाची पाठ बघत बसायचं, अन् त्याच माणसाच्या पोटात आपल्या लेकीचा फैसला! चेहरा समोर असला तर कळतं हो, भुवई वर गेली, ओठ मुडपला, कायतरी अंदाज येतो. पाठीचा काय अंदाज घेता? पाठीवर एक टी-शर्ट, त्याच्यावर लिहिलेलं, 'सायकल चालवा, निरोगी राहा'. तेच वाचत गेलो. सगळं होतं त्याच्यावर, सायकलचं चित्र होतं, दुकानदारांच्या जाहिराती होत्या… पण हाव का न्हाई, तेवढं काय लिहिलेलं नव्हतं!

मी अर्धापूरचा. केळीवाला. आमची रुद्राणी एकुलती एक, नांदेडला दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करते, अन् रविवारी सायकल घेऊन गावंच्या गावं पालथी घालते. काहून? तर म्हणे आवड हाय! असू दे. तर तिला लातूरचं स्थळ आलं. पोरगा शिवम, इंजिनियर, तोबी सायकलवाला. बाप मल्लिनाथअप्पा, सरकी-पेंडीचं दुकान, गंजगोलाईच्या बाजारात वट, आवाज असा की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधीच पेंडीचं पोतं उचलून चालायला लागतं. ते बघायला आले. आमच्या मंडळीनं, कस्तुरानं, सुशीला केला, मुरमुऱ्याचा, शेंगदाणे घालून. अप्पांनी दोन बशा खाल्ल्या. मग म्हणले, "पंख्याचं वारं लई लागून राहिलं." मी उठलो, बंद केला. पोराची आई म्हणली, "बाई, गरम व्हायलंय." मी उठलो, चालू केला. पुन्हा अप्पांना वारं, पुन्हा बाईंना गरम… मी आपला भिंतीला चिकटून बटनापाशीच उभा! बसलोच न्हाई! लेकीचा बाप हाय म्हणल्यावर काय करता? अन् रुद्राणी आतल्या दारातून माझ्याकडं अशी बघून राहिली, अशी बघून राहिली, की मला वाटलं पंखाच बिघडला का काय.

जाताना अप्पा म्हणले, "विचार करून कळवतो."

झालं! अहो, विचार करायला माणसाला किती वेळ लागतो? केळीचा घड उतरवायचा का न्हाई हे आमी उभ्या उभ्या ठरवतो! हिकडं फोन वाजला की आमची कस्तुरा पिठाच्या हातानं पळत येणार, "काय म्हणले? हाव का न्हाई?" अन् फोन कुणाचा, तर मोबाईल कंपनीचा. रुद्राणीला विचारावं तर ती म्हणती, "कळंल की, अण्णा." कळंल! घरात फक्त ती निवांत जेवून राहिली.

अन् मग एक दिवस तीच म्हणली, "अण्णा, रविवारी नांदेड ते लातूर सायकलचा कार्यक्रम हाय. घरच्या लोकांसाठी जोडसायकल हाय, दोघांची, फक्त वाटेतल्या लोह्यापस्तोर. शिवमचे बाबा येऊन राहिले. ते म्हणतेत, मला शंकरप्पासंगं बसायचं."

मी म्हणलं, "माझ्यासंगं? काहून?"

"मला काय माहीत," म्हणली अन् गेली.

मी रातभर विचार करून राहिलो. कस्तुरा म्हणली, "अहो, खानदान बघायची रीत असंल त्यांच्याकडं. जावा, गोड बोला, पुढं पुढं करू नका."

पुढं पुढं कुठलं करता? मला मागंच बसवलं!

म्हंजे त्याचंबी मोठं महाभारत झालं. नांदेडात मैदानावर ही गर्दी, भोंगा ओरडून राहिला, कुणी पाय ताणतंय, कुणी कंबर हलवतंय, अन् मधी ती लांबलचक सायकल, एकामागं एक दोन सीट. मी म्हणलं, "अप्पा, तुमी पुढं बसा." अप्पा म्हणले, "छे छे, तुमी वयानं मोठे." मी म्हणलं, "मुलाकडचा मान." अप्पा म्हणले, "जशी तुमची मर्जी." म्हणलं, "न्हाई, तुमची मर्जी!" सगळे निघून गेले, आमी आपले मैदानात मर्जीच करून राहिलो! शेवटी शिट्टीवाला वैतागला, "काका, कुणीतरी बसा, मला मैदान बंद करायचंय!" तवा अप्पा पुढं बसले.

अन् तुमाला सांगतो, मागची सीट म्हंजे काय चीज हाय ते बसल्यावर कळतं. हँडल हाय, पण ते वळत न्हाई! नुसतं धरायला! ब्रेक न्हाई! घंटी न्हाई! अन् पायडल? दोघांच्या पायडलला एकच साखळी. पुढच्यानं पाय फिरवले की तुमचे फिरणार. पुढचा थांबला तर तुमी थांबणार. तुमच्या मर्जीचं काय म्हणाल तर काहीच न्हाई. मी म्हणलं, वा रे शंकरप्पा, लेकीच्या बापासाठी खास बनवून घेतल्यावानी सीट हाय ही!

गाव सुटलं, वारं सुटलं, मी हळूच विषय काढला. "अप्पा, रुद्राणी भाकरी लई पातळ करते बरंका." खोटं होतं, तिची भाकरी म्हंजे चप्पल! अप्पांची पाठ जराशी ताठ झाली. म्हणले, "हां." आता हां म्हंजे काय? हाव मधला हां, का ऐकून घेतल्याचा हां? मी म्हणलं, "शिवमला दवाखान्यातली पोरगी चालते ना?" पाठ वाकली. म्हणले, "चढ आला." चढ खरंच आला होता! आता पाठ चढामुळं वाकली का माझ्या सवालामुळं? सांगा! हाव का न्हाई, तेवढं सांगंना गडी!

मग मी डोकं चालवलं. आमच्या बागेतली केळी आणली होती. म्हणलं, याच्यात कळंल. मुलीकडचं गोड मानून घेतलं तर हाव. मागून एक केळं सोलून पुढं केलं. अप्पांनी घेतलं! माझ्या जिवात जीव आला, आता फोन करावा कस्तुराला… तर अप्पांनी अर्धंच खाल्लं अन् अर्धं तसंच मागं माझ्या हातात दिलं! आता ह्याचा अर्थ काय लावता? अर्धा होकार? का निम्म्यावरून मन फिरलं? का मला म्हणतेत तुमी बी खा? मी ते अर्धं केळं हातात घेऊन बसलो बराच वेळ. फेकावं तर अपमान, खावं तर… शेवटी खाल्लं.

तेवढ्यात खिशात फोन. कस्तुरा! "काय म्हणले? हाव का न्हाई?"

मी हळू आवाजात म्हणलं, "अगं, पाठ हाय समोर."

"पाठीला विचारा मग!"

बायकांचं काय जातं हो सांगायला?

आलं एकदाचं लोहा. कमान दिसली, ढोल वाजून राहिला, लोक टाळ्या वाजवून राहिले, केळी अन् गुळपाणी वाटून राहिले, म्हंजे सगळं संपलं होतं! उतरायचं, पाय मोकळे करायचे, घरी जायचं. अप्पांनी सायकल हळू केली. लई हळू केली. इतकी हळू की पडतो का काय वाटलं. अन् म्हणले, "काय शंकरप्पा, काय करायचं?"

माझ्या मांड्या पेटल्या होत्या. ढुंगण… जाऊ द्या, बायामाणसं बसलीत. पण मी विचार केला, मुलाचा बाप विचारून राहिला, त्यांना अजून जायचं असंल तर? आपण न्हाई कसं म्हणावं? म्हणलं, "तुमची मर्जी, अप्पा!"

अप्पा म्हणले, "न्हाई, तुमी म्हणाल तसं."

म्हणलं, "तुमी न्याल तिकडं!"

अप्पा एकदा म्हणले, "शिवा शिवा…" अन् सायकल कमानीखालून सरळ निघून गेली अहमदपूरच्या रस्त्याला! मागं तिथला शिट्टीवाला बोंबलतोय, "अहो काका, तुमचं संपलं! संपलं तुमचं!" मला दिसलं, कमानीपाशी रुद्राणी उभी, बाजूला शिवम. दोघांनी आमाला थांबवलं का? छ्या! रुद्राणीनं कपाळाला हात लावला नुसता.

अन् मग जे ऊन तापलं म्हणता! डांबर मऊ व्हायलंय, ट्रकवाले काच खाली करून बघून राहिलेत, एक जण तर म्हणला, "ओ मामा, गाडीनं जावा की!" अप्पा दर चढाला "शिवा शिवा" म्हणायचे. मी म्हणलं, काय भक्ती हाय माणसाची! काय दम हाय! अन् आपण? आपण मेलो! पण लेकीचा सवाल होता. माझा बाप म्हणायचा, लेक दिली की मान खाली. मी तर अजून दिली पण नव्हती, तरी मान खाली घालून पायडल मारून राहिलो होतो. मधी मधी अप्पा विचारायचे, "काय शंकरप्पा, ठीक हाय ना? काय म्हणायचंय का?" मी म्हणायचो, "छे छे, मजा येऊन राहिली!"

मजा! जीभ टाळूला चिकटलेली, पिंढरीत गोळा आलेला, अन् मजा!

अन् मग अहमदपूर जवळ आलं, एक चढ होता शेवटचा, त्या चढावर अप्पांनी मान जराशी वळवली, पहिल्यांदा अर्धा गाल दिसला, अन् म्हणले, "शंकरप्पा, तुमची इच्छा असंल तर चाकूरपस्तोर बी जाऊ."

तुमाला सांगतो, काहीतरी झालं मला. त्या पंख्याच्या बटनापासून जे आत साचलं होतं ना, ते सगळं वर आलं. मी ओरडलो, "चाकूर? अन् मग लातूर? अन् मग कुठं, सोलापूर? अहो, लेकीचा बाप हाय मी, बैल न्हाई तुमचा! हाव म्हणायचं तर हाव म्हणा, न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणा, माझी लेक काय जड न्हाई झाली मला! थांबा! थांबवा ही सायकल! आत्ताच्या आत्ता थांबवा!"

कच्चकन ब्रेक! मी अप्पांच्या पाठीवर! अप्पा सायकल सोडून सरळ रस्त्याच्या कडेला लिंबाखाली आडवे, हातपाय पसरून, अन् आभाळाकडं बघून मोठ्यानं, "म्हणला! बसवेश्वरा, म्हणला एकदाचा!"

मला काही कळंना. म्हणलं ऊन लागलं माणसाला. "अप्पा, काय म्हणलो मी?"

"थांबा म्हणले! अहो, लोह्यापासून वाट बघून राहिलो मी! मुद्दाम हळू केली कमानीपाशी! माझे गुडघे गेले, माझी कंबर गेली, अन् तुमी आपलं, तुमची मर्जी, तुमची मर्जी! मला चाकूरला जायचं होतं व्हय? मेलो असतो मी!"

तेवढ्यात मागून दोन सायकली आल्या. लोह्यापासून मागंच होते दोघं! रुद्राणी उतरली. मी म्हणलं, "हे काय हाय? हाव का न्हाई त्यांचं?"

अप्पा पडल्या पडल्याच म्हणले, "आमचा हाव त्याच आठवड्यात दिला होता, तुमच्या लेकीला! तीच म्हणली, घरी सांगू नका, माझं अजून राहिलंय."

मी लेकीकडं बघितलं. ती माझ्या जवळ आली. म्हणली, "अण्णा, शिवम मला पसंत हाय. पण त्या दिवशी तुमी पंख्यापाशी उभे राहिले, बसले न्हाई. मला लई वाईट वाटलं. मी लातूरला गेले तर तुमी माझ्या घरी येऊन असेच उभे राहणार, तहान लागली तर पाणी मागणार न्हाई. मी अप्पांना म्हणलं, माझ्या अण्णांनी तुमाला तोंडावर 'थांबा' म्हणलं, तरच मी येते. तवर तुमी बी उतरायचं न्हाई. ते हाव म्हणले."

मला रडूच आलं, खुल्लं, रस्त्यावर, ट्रकवाल्यांसमोर. एवढ्याशा पोरीला हे कळलं अन् आपण म्हातारे झालो तरी न्हाई. अन् तो माणूस, गंजगोलाईत वट असलेला, त्या पोरीच्या शब्दासाठी कंबर मोडेपर्यंत पायडल मारत आला! मी अप्पांना हात देऊन उठवलं, गळ्यात पडलो. फोन वाजला. "हाव का न्हाई?" मी म्हणलं, "हाव!" ती म्हणली, "मग रडून काहून राहिले?" म्हणलं, "घरी आल्यावर सांगतो."

शिवम म्हणला गाडी बोलावतो. अप्पा म्हणले, "कशाला? अहमदपूर हे काय समोर. अन् आता व्याही पुढं बसतील! बराबरीचा मान!"

बसलो पुढं! काय सांगू, छाती अशी फुगली! हँडल वळतंय, ब्रेक लागतोय, घंटी वाजतीय! मारलं पायडल… जड. लई जड. म्हणलं मानाची सीट हाय, जडच असणार. दुसरं मारलं, अजून जड. घाम फुटला. मग हळूच मागं वळून बघितलं, तर व्याही दोन्ही पाय वर दांडीवर घेऊन, डोळे मिटून, वारं खात बसलेले! रुद्राणी बाजूनं सायकलवर, मला हळूच म्हणती, "म्हणा की अण्णा, पाय मारा म्हणा."

आता तुमी सांगा, मुलाच्या बापाला एका दिवशी दोनदा कसं बोलावं माणसानं? ओढलं. एकट्यानं अहमदपूरच्या एसटी स्टँडापस्तोर ओढलं, अन् उतरल्यावर मीच हात जोडून विचारलं, "प्रवासात काही त्रास तर न्हाई ना झाला, अप्पा?"