आईनं घातलेली बंदी

हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाईंसमोर फुटबॉल क्लबचा मॅनेजर उभा होता.

"काकू, तुमच्या लेकाची तीन सामन्यांची बंदी संपली. आज त्याला खेळायला पाठवा."

"तो आत चाकाची खुर्ची ढकलतोय."

"कुणाची?"

"ज्याचा पाय त्यानं मोडला, त्याची."

"अहो, खेळात चुकून लागतंच."

"चुकून? टीव्हीवर बघितलंय मी. चेंडू केव्हाच पुढं गेला होता. मुद्दाम पाय घातला आणि वर हसला मेला!"

"पण शिक्षा भोगली ना त्यानं?"

"तुमची भोगली. माझी चालू आहे."

"ती कधी संपणार?"

"ते पोर पळायला लागेल त्या दिवशी."

"आणि कधीच पळालं नाही तर?"

"तर माझंही पळणार नाही."