पुढे कुलूप, मागे दारच नाही

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न पोथीतला नाही, तुमच्या घरातला आहे. सुतार आला, गवंडी आला, नळवाला आला — त्याला घरात एकटं सोडून बाहेर जावं का? बघा, बघा! पुढच्या रांगेतल्या काकूंनी डोळेच वटारले! म्हणजे घरी काम चालू आहे, आणि काकांना पहाऱ्यावर बसवून आल्यात!

वडगावात कावेरीकाकू राहायच्या. नवरा वारलेला, एकुलती लेक रोहिणी गावातच दिलेली. काकू मोठ्या देवभोळ्या. पण माणसांच्या बाबतीत? छे! कामाला कोणी आलं की खुर्ची टाकून समोर. भिंत रंगवायचा रंगारी, आणि मान दुखायची काकूंची!

नवरात्र आलं. घट बसले, अखंड दिवा लागला. आता घट बसले की घर ओस ठेवायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही — हे का मी सांगायला हवं? आणि नेमकं तेव्हाच वाळवीनं खाल्लेलं मागचं दार निखळून पडलं! मग नवं करायला शेजारच्या गावच्या महिपती सुताराला बोलावलं. तो परसदारी रंधा मारतोय, काकू खुर्चीत. अन् जावयाचा फोन! "आई, रोहिणीला कळा सुरू झाल्यात. तुम्हालाच हाका मारतेय. लवकर दवाखान्यात या!"

आईचं काळीज ते! चप्पल घातली — आणि थबकल्या. शेजारीपाजारी सगळे शेतावर. दिवा कोण बघणार? महिपती म्हणाला, "जावा काकू, बिनघोर जावा. मी हाय न्हवं!"

मी हाय! अहो, तो आहे याचाच तर काकूंना घोर! बाहेर पडल्या, आणि पुढच्या दाराला हे एवढं कुलूप ठोकलं! माणूस आत कोंडला! 'आता काय नेतोय!' म्हणून गेल्या तरातरा.

अहो, पण मागं दारच नव्हतं!

कुलपाचा आवाज महिपतीनं ऐकला. तळपायाची आग मस्तकात! "मला कोंडलं? कुणाच्या घरचा खिळा उचलला नाही आजवर, आणि मला?" हत्यारं पिशवीत कोंबली, परसात उतरला. निघालाच की! सांगा, गेला असता तर त्याला नावं ठेवायला तुमची जीभ वळली असती?

तेवढ्यात सुटला वारा. दार नसलेल्या चौकटीतून शिरला तो थेट देवघरापर्यंत. महिपतीनं मागं वळून पाहिलं — ज्योत आडवी झालेली! विझते की काय! "आई गं!" म्हणून पिशवी टाकली, अर्धं झालेलं दार उचललं आणि चौकटीला आडवं टेकवलं. ज्योत सावरली. हातपाय धुऊन आला, दिव्यात तेल घातलं. त्याच्या गावाकडची शेवटची एसटी गेली, तो हलला नाही. रागात होता हो! धुमसत होता! पण बसून राहिला.

इकडे दवाखान्यात नात झाली! काकू रडतायत, हसतायत. नर्सबाईंनी खोलीचं दार लोटलं, आणि काकू ओरडल्या, "अगं बाई! माझं दार!"

जावयाच्या मोटारसायकलवरून घरी. घाईघाईत किल्ली कुलपात जाईना. कसंबसं उघडलं. समोर दिवा तेवतोय! शेजारी महिपती, भिंतीला टेकून.

"काकू, कुलूप झकास होतं तुमचं," तो म्हणाला. "पर मागं काय लावलं होतं?"

"मग... गेला का नाहीस रे?"

"घरात देवी बसलेली. घर उघडं टाकून जाऊ? पर एक सांगतो. लई लागलं मला."

काकू त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "चुकलं रे माझं, महिपती. दिवा जपायचा म्हणून देवीसमोर बसणारी मी, आणि माणसाचा असा अपमान केला!" पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "नात झाली. पहिला पेढा तू खा." जावयाला सांगितलं, "रात्री याला गावी पोचवून ये." आणि तो निघताना घराची किल्ली महिपतीच्या हातात ठेवली. "सकाळी मी लेकीकडं असेन. तू ये, दार बसव. आणि दिव्यात तेल घाल!"

आता तुम्ही विचाराल, बुवा, सगळंच उघडं टाकायचं का? अहो, दागिने ठेवा की कपाटात! त्यात कोणाचा अपमान नाही. पण उद्या तुमच्या दारात जो येईल, त्याला आधी नाव विचारा, गाव विचारा, पाणी द्या. खुर्ची टाकायचीच तर त्याच्यासाठी टाका! आणि निघायची वेळ आली, तो म्हणाला "मी हाय" — तर मंडळी, एकदा तरी "बरं झालं बाबा, तू आहेस" असं म्हणून बघा! चला, टाळ उचला. आईच्या नावानं एकदा मोकळ्या गळ्यानं म्हणा — उदो!